विचारून घेतलेली पुस्तकं

आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी पुस्तकं येऊन पडतात. आधी सुप्रभात, मग गुलाबाचा फोटो आणि त्याखाली एखादी अख्खी कादंबरी. पाठवणाऱ्यानं ती वाचलेली नसते, घेणारे वाचणार नसतात, पण अंगठे दाखवून सगळे पावती देतात. परवा एकानं असंच एक पुस्तक टाकलं. दुकानात ते अजून शाईच्या वासासकट मिळतंय. लिहिणारा बिचारा त्याच्या विक्रीकडं डोळे लावून बसला असेल. माझ्याही नकळत माझ्या तोंडून निघालं, "विचारलं का?"

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हटलं, काही नाही. काय सांगणार? ते वाक्य माझं नव्हतंच. ते हंगरगे मॅडमचं होतं आणि आता ते म्हणायला मॅडम नाहीत, म्हणून ते माझ्या तोंडात येऊन बसलंय.

महानंदा हंगरगे आमच्या रेणापूरच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. मी भूगोल शिकवायचो. दोघंही लातूरला राहायचो, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं एकाच एसटीनं जाणं-येणं झालं. ठेंगण्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पदराआड इष्टलिंगाची चांदीची डबी, खांद्याला कापडी पिशवी. मूळच्या उदगीरकडच्या. बोलणं निम्मं पुस्तकातलं आणि निम्मं घरचं. चिडल्या की मधेच एखादा कानडी शब्द निसटायचा आणि तो काय होता ते विचारलं तर सांगायच्या नाहीत.

विचारणं हा त्यांचा स्वभाव म्हणावा की आजार, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बसमध्ये शेजारच्या माणसानं पेपर वाचून मांडीवर टाकला, तर आपण सगळे तो सरळ उचलतो. मॅडम आधी विचारायच्या. तो माणूस झोपला असेल तर जागा होईपर्यंत थांबायच्या आणि तोवर रेणापूर यायचं. कॉलनीत कुणाच्या कुंपणाबाहेर आलेला कढीपत्ता दोन पानं तोडायचा, तरी बेल वाजवायच्या. ग्रंथालयाच्या दारात तर मी त्यांना स्वतःच्याच राज्यात "येऊ का?" म्हणताना ऐकलंय. आत दोन पोरी अभ्यास करत होत्या, त्यांना उद्देशून. पोरी उठूनच उभ्या राहिल्या.

या स्वभावाचा पहिला तडाखा बसला तो आमच्या संस्थेच्या सचिवांना. त्यांच्या जावयाला कुठल्याशा परीक्षेसाठी एक जाडजूड, महागडं पुस्तक हवं होतं. ते ग्रंथालयात होतं. सचिव स्वतः आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, हे पूर्ण झेरॉक्स मारून द्या. बाइंडिंग बी करा."

"पूर्ण न्हाई होणार साहेब. लागतं तेवढं एखादं प्रकरण होईल."

"कामून? पुस्तक आपलं, मशीन आपली, कागद आपला."

"पुस्तक आपलं हाय. त्यातलं लिहिलेलं आपलं न्हाई."

"मग कुणाचं हाय?"

"ज्यानं लिहिलं त्याचं. पुण्याला असतेत ते, ठणठणीत हायत. नंबर काढून ठेवलाय मी. तुम्ही इचारा, हाव म्हणाले तर आत्ता मारून देते." आणि त्यांनी खरोखरच चिठ्ठी पुढं केली.

सचिवांनी चिठ्ठी खिशात घातली आणि चहा न घेता गेले. आम्ही सगळे मॅडमच्या बदलीची वाट पाहत बसलो, पण संस्थेचं दुसरं महाविद्यालयच नव्हतं. जावयानं शेवटी पुस्तक विकत घेतलं. तेव्हापासून सचिव त्यांना परवानगी मॅडम म्हणायला लागले आणि हळूहळू ते नाव शिपायांपर्यंत पोहोचलं. मॅडमना ते कळलं होतं. त्यांना ते आवडलं होतं असा माझा संशय आहे.

अशी बाई निवृत्त झाल्यावर पुस्तकं स्कॅन करायला लागली, तेव्हा मी पोट धरून हसलो. "मॅडम, जन्मभर झेरॉक्सला आडव्या पडलात आणि आता अख्खी पुस्तकं कॉम्प्युटरात घालून राहिलात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बसा सर, समजून सांगते."

लातूरच्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत ते यंत्र होतं. टेबलावर लांब मानेचा एक दिवा असावा तसं. त्याच्याखाली पुस्तक उघडं ठेवायचं, वरून फोटो निघायचा. पान सपाट राहावं म्हणून त्यांनी खिडकीची एक काच कापून घेतली होती आणि तिच्या कडांना बोटं कापू नयेत म्हणून जुन्या साडीची किनार चिकटवली होती. दसऱ्याला त्या यंत्रालाही विभूती आणि झेंडूचं फूल मिळायचं. आमच्या भागातल्या लोकांनी लिहिलेली, पदरमोड करून छापलेली, आता कुठंच मिळत नाहीत अशी पुस्तकं त्या गोळा करायच्या, स्कॅन करायच्या आणि भाच्यानं करून दिलेल्या संकेतस्थळावर ठेवायच्या. कुणीही यावं, फुकट वाचावं.

"लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं," त्या सांगायच्या. "तोवर त्याच्या घरच्यांचं. ग्रंथालयाला जपण्यापुरतं स्कॅन करून ठेवता येतं, कायदाच म्हणतो तसं. पर जपणं येगळं अन् वाटणं येगळं. जपणं माझं काम. वाटायचं का न्हाई ते घरच्यांनी सांगायचं."

आणि घरच्यांनी सांगायचं म्हणजे मॅडमनी जाऊन विचारायचं. फोनवर विचारणं त्यांना विचारल्यासारखं वाटायचं नाही. गाव शोधायचं, घर शोधायचं, एसटी धरायची, सोबत निम्म्या वेळा मी. निलंग्याजवळच्या एका गावातला प्रसंग मला आठवतो. आजोबांनी कवितांचं पुस्तक छापलं होतं. नातू आता सत्तरीचा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आजोबांच्या मालकीचं एक हाय, त्याच्याबद्दल इचारायचं हुतं." म्हाताऱ्याचा चेहरा एकदम आवळला. त्यानं आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, आधी पोराला शेतातून बोलावून घेतलं.

"कुठला गट नंबर हाय त्यो?" म्हातारा म्हणाला.

"गट नंबर न्हाई हो. कविता हायत."

"कविता?" त्यानं पोराकडं पाहिलं. "जमिनीचं न्हाई ना काही?"

"न्हाई."

"मग न्या की समद्या." लगेच घोंगडी अंथरली गेली, शेंगा आल्या, गूळ आला. निघताना म्हातारा मॅडमना हळूच म्हणाला, "त्यातली एखादी वाचून दावता का? आज्यानं कधी वाचून दावली न्हाई." मॅडमनी वाचून दाखवली. कविता यथातथाच होती, पण म्हातारा डोळे पुसत होता.

परतताना मॅडम खिडकीशी बसून म्हणाल्या, "फोनवर हे झालं असतं का?"

त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान त्या स्वतःच्या अक्षरात लिहून जोडायच्या. पुस्तक कुणाचं, कुणाला विचारलं, कुणी विचारलं, तारीख. बस, एवढंच. वाचक ते पान ओलांडून पुढं जायचे. मी मात्र कधीकधी नुसती तीच पानं वाचायचो. जळकोट, औसा, मुखेड, अहमदपूर. बाई किती हिंडल्या होत्या ते त्यात दिसायचं.

आता गुरुजींच्या पुस्तकाबद्दल.

त्याचं छापील नाव लांबलचक होतं; आम्ही त्याला गुरुजींचं पुस्तकच म्हणायचो. रेणापूरजवळच्या एका खेड्यात देवराव गुरुजी म्हणून प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी आपल्या गावाबद्दल लिहिलं होतं. कुठल्या ओढ्याला काय म्हणतात, कुठल्या शेताला ते नाव का पडलं, कोण कुणाच्या विहिरीवर पाणी भरायचं आणि कुणाला ओंजळीत वरून ओतून घ्यावं लागायचं. मी जन्मभर भूगोल शिकवला, पण माझ्या विषयावरचं इतकं खरं पुस्तक मी दुसरं वाचलं नाही. लातूरच्या एका छापखान्यात थोड्या प्रती निघाल्या, नातेवाइकांत वाटल्या गेल्या, संपल्या. आमच्या ग्रंथालयात गुरुजींनी स्वतः दिलेली एक प्रत होती. पान उलटलं की कोपरा हातात यायचा. ते पुस्तक लोकांनी वाचावं, एवढंच माझं मागणं होतं आणि ते मी मॅडमच्या मागं लागून मागत होतो.

गुरुजी वारलेले. मुलगा व्यंकटराव सरकारी खात्यातून निवृत्त होऊन नांदेडला बंगला बांधून राहिलेला. आम्ही गेलो. माणूस भला वाटला. वडिलांचं पुस्तक जगभर दिसणार म्हटल्यावर खूष झाला.

मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोण हाय वारस?"

"एक बहीण हाय, बिलोलीला दिलेली. पर तिचं काही न्हाई आता. समदं हक्कसोड करून दिलंय तिनं." आणि विचारलं नव्हतं तरी त्यांनी कपाटातून तो कागद काढून वाचूनही दाखवला. अमुक गट, तमुक गट, विहीर, आंब्याची झाडं.

मॅडमनी मान हलवली. मीही हलवली. आमच्याकडं हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात विचारण्यासारखं काही असतं हेच डोक्यात येत नाही. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, विषय संपतो. जी बाई कढीपत्त्यासाठी बेल वाजवायची, तिनंही तिथं पुढचा प्रश्न विचारला नाही.

पुस्तक संकेतस्थळावर चढलं. मला तर घरात लग्न निघाल्यासारखं झालं होतं. ज्याला त्याला फोन करून सांगत होतो. आठवडाभरातच बिलोलीच्या एका वाचकाचा निरोप मॅडमना आला: पुस्तक छान आहे, लिहिणाऱ्यांची मुलगी सुमनबाई आमच्या शेजारी राहतात, त्यांना मोबाईलवर दाखवलं, पण त्या उठून आत गेल्या.

मी घरी पोहोचलो तेव्हा मॅडमनी पुस्तक संकेतस्थळावरून काढून टाकलं होतं. ओळखीच्या ज्यांनी उतरवून घेतलं होतं त्यांना "कृपया पुसून टाका" असे निरोपही पाठवून झाले होते. माझा फोन माझ्याच हातात देऊन त्यांनी समोर बसवून माझी प्रत पुसायला लावली. "कॉम्प्युटरवर बी घेतली असंल तुम्ही. रिसायकल बिन बी बघा सर."

मी भडकलो. "मॅडम, प्रत काढल्यानं मूळ पुस्तकातलं एक अक्षर तरी कमी होतं का?"

"न्हाई होत."

"मग कुणाचं काय नेलं आपण?"

त्या म्हणाल्या, "शेजारच्या वहिनी माझ्याकडं इरजण मागायला येतात. चमचाभर दही. माझं कमी होत न्हाई, उलट त्यांच्याकडं भांडंभर होतंय. तरी त्या मागतात. उद्या मी घरात नसताना नुसत्याच घेऊन गेल्या तर मला काय वाटंल?"

"चमचाभर दह्याचं काय वाटायचं?"

"दह्याचं न्हाई वाटत सर," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

बिलोलीला सुमनबाई दारात सुपानं तूर पाखडत बसल्या होत्या. मॅडमच्याच वयाच्या, काटक. यजमान वारलेले, मुलगा हैदराबादला. मॅडम उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाल्या, "सुमनबाई, येऊ का?"

बसल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. "चूक झाली माझी. पुस्तक वडलांचं, म्हणजे तुमचं दोघांचं. मी भावाला इचारलं, तुम्हाला न्हाई. म्हणून आले."

"दादानं सांगितलं न्हाई का? समदं लिहून दिलंय मी."

"जमीन लिहून दिली. पुस्तक न्हाई."

"त्या कागदात पुस्तक नव्हतं?"

"नव्हतं. दादांनी वाचून दाखवलाय मला."

सुमनबाईंनी सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ त्या हातावरचा कोंडा झटकत राहिल्या. "बाबा बोलायचे अन् मी लिहायची," त्या म्हणाल्या. "छापखान्यात गेलं ते माझं अक्षर हुतं. एखादं नाव बाबांना आठवायचं न्हाई, मग मी सांगायची. पुस्तक आलं तवा माझं लगीन झालेलं. दादानं एक प्रत द्यावी म्हणून लई वाट पाहिली." मग म्हणाल्या, "शेताच्या टायमाला गाडी करून न्हेलं रजिस्ट्री हापिसात. इथं सही कर म्हणले, केली. घरी आल्यावर मालकांनी सांगितलं कशाची हुती. इचारलं न्हाई कुणी. अन् दर येळवसेला दादा न्यायला यायचा, सहीनंतर दोन-तीन साल फोन केला, मग ते बी गेलं."

येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची गावं रिकामी होतात, माणसं शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पूजा, ओल्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. लेकीबाळींना माहेरच्या शेतात बोलवायचं असतं.

सुमनबाईंनी एकदम मॅडमकडं पाहिलं. "आता तुम्ही मला इचारून राहिलात?"

"हाव."

"मी न्हाई म्हणलं तर?"

"तर न्हाई."

"टाकणार न्हाई तुम्ही?"

"न्हाई टाकणार."

"मग न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांचा राग यायला हवा होता तरी धड येईना. मॅडम नुसतं "बरं" म्हणाल्या. सुमनबाई चहा ठेवायला उठल्या.

परतीच्या बसमध्ये मी फार बोललो. एकच प्रत उरलीय, ती हातात तुटतेय, एका बाईच्या रुसव्यापायी गावाचं गाव पुसलं जाणार, वगैरे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. देगलूर मागं पडल्यावर म्हणाल्या, "मी बी सही करून दिलीय सर, भावांना. खुशीनं देऊन राहिली का म्हणून कुणी इचारलं न्हाई. अन् मी बी मला इचारलं न्हाई." मग बाहेर बघत म्हणाल्या, "औंदा येळवस कधी हाय?"

त्या वर्षी येळवसेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उदगीरच्या स्टँडवर बोलावलं. मॅडमचे भाऊ त्यांना शेतात बोलवायचे. तिथली भज्जी आणि उंडे डब्यात, आंबील बाटलीत. आम्ही बिलोलीला गेलो. "सुमनबाई, येऊ का?" झालं. डबा उघडला गेला. सुमनबाईंनी उंडा मोडून भज्जीत बुडवला आणि घास तोंडात घालून तशाच बसल्या. "आमच्यात चिंच जास्ती असती," एवढंच म्हणाल्या. खाऊन झाल्यावर मॅडमनी पदर सावरला.

"इचारू का?"

"इचारा की."

"पुस्तक टाकू का?"

"न्हाई."

"बरं. च्या ठेवा मग."

यानंतर दर वर्षी हेच. मला आधी वैताग यायचा, मग हसू यायला लागलं. पुढं पुढं सुमनबाई "इचारू का?" ची वाट बघत असायच्या, ओठ दाबून. एका वर्षी मॅडम गप्पांच्या भरात विचारायचंच विसरल्या आणि आम्ही स्टँडवर पोहोचलो, तर मागून सुमनबाई धापा टाकत आल्या. "इचारलं न्हाई आज?" मॅडमनी तिथंच, पोरंटोरं आणि बोचकी यांच्या गर्दीत, रीतसर विचारलं. "न्हाई," म्हणून सुमनबाई समाधानानं घरी गेल्या.

मधल्या काळात महाविद्यालयाची इमारत बदलली. पुस्तकं पोत्यांत भरून एका खोलीत पडली आणि वाळवीनं आपलं काम केलं. गुरुजींची प्रत त्यात गेली. मी मॅडमना सांगायला गेलो तेव्हा माझा आवाज चढला होता. म्हटलं, व्यंकटरावांच्या प्रतीलाही वाळवी लागली असेल, आता जगात ते पुस्तक फक्त तुमच्या कॉम्प्युटरात आहे, कुणासाठी जपताय? "जपायचं ते जपलंय," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही. त्यांनाही लागलं होतं.

शेवटच्या येळवसेला त्यांना जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलेला. तरी आल्या. बिलोलीच्या स्टँडवर परतताना सुमनबाईंनी त्यांना हाताला धरून बसमध्ये चढवलं, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून उभ्या राहिल्या. दोघी खिडकीच्या गजातून एकमेकींचा हात धरून काहीतरी बोलत हसत होत्या. मी मागच्या सीटवर होतो, मला ऐकू आलं नाही. बस हलल्यावर मी म्हटलं, "परत नाहीच म्हणाल्या."

"म्हणू द्या की." मॅडम अजून मागं वळून हात हलवत होत्या. "पुढल्या सालचं काम राहिलं." उतरतं ऊन त्यांच्या कपाळावरच्या विभूतीवर आलं होतं आणि त्या एखाद्या शाळकरी पोरीसारख्या खूष दिसत होत्या. डोळे मिटले की मला त्या अजून तशाच दिसतात.

त्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. शिवगणाराधनेच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसांच्या जेवणानंतर त्यांच्या भाच्यानं एक हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. माझ्याकडं द्यायची असं त्या सांगून गेल्या होत्या. तीत दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'विचारलेली', दुसऱ्याचं 'विचारायची'. दुसऱ्यात एकच पुस्तक उरलं होतं. मी ते उघडलं आणि पहिल्या ओढ्याच्या नावापाशीच थांबलो, पुढं वाचवेना. मॅडमची इतकी आठवण आली.

व्यंकटरावांचा फोन आला. "सर, आता चढवून टाका ते पुस्तक. कोण विचारतंय?" एक बटण दाबायचं काम होतं. जन्मभर मला तेच हवं होतं. पण दर वेळी मी ते फोल्डर उघडायचो आणि मिटायचो.

येळवस आली. बायकोनं भज्जी केली, मी चिंच जरा जास्त घालायला सांगितली. एकटाच बिलोलीला गेलो. सुमनबाई दारातच होत्या. मी म्हटलं, "येऊ का?" त्यांनी माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"बाई कुठं हायत?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. डबा मधे तसाच राहिला. शेजारच्या घरात कुणीतरी कपडे धोपटत होतं.

"मी न्हाई म्हणायची म्हणून त्या यायच्या," सुमनबाई म्हणाल्या. "हाव म्हणले असते तर पुढल्या साली कशाला आल्या असत्या?"

"आल्या असत्या, सुमनबाई."

"तुम्हाला काय ठाऊक." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला कुणी इचारलं न्हाई कधी. दर साली एक माणूस एवढ्या लांबून येतंय, बसतंय अन् इचारतंय. कसं हाव म्हणावं?" मग म्हणाल्या, "आता न्हाई कुणाला म्हणू मी? टाका ते."

मी म्हटलं, "मी अजून विचारलंच नाही."

"तुम्ही नका इचारू. त्यांनी इचारलंय."

लातूरला आल्यावर पुस्तकाला जोडायचं पहिलं पान लिहायला बसलो. पुस्तक कुणाचं: देवराव गुरुजींचं. तिथं थांबलो आणि पुढं 'व सुमनबाईंचं' असं लिहिलं. कुणाला विचारलं: व्यंकटराव, नांदेड, सुमनबाई, बिलोली. कुणी विचारलं: महानंदा हंगरगे. मग तारखेवर अडलो. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं ती घालायची, की सुमनबाई हाव म्हणाल्या ती? असल्या बारीकसारीक गोष्टी मी नेहमी मॅडमनाच विचारायचो. सवयीनं फोन उचलला, त्यांचं नाव काढलं आणि तसाच बसून राहिलो.